लाल फुल्यांची वेल

पूल अर्धा ओलांडून झाला तेव्हा बाईंनी पहिल्यांदा तोंड उघडलं, आणि तेही मला रागवायला.

"अगं, चालतेस का पळतेस? लोकांसमोर माझं वय काढायचंय का तुला?"

खरं म्हणजे पुढे त्या होत्या आणि मागे मी. कापडाच्या त्या कचेरीतून बाहेर पडल्यापासून त्या अशा तरातरा निघाल्या होत्या, की माझ्या चपलेचा अंगठा तुटतो की काय असं वाटत होतं. बस शेजारून गेली. हात केला असता तर थांबली असती. बाईंनी हात केला नाही. बसने आम्ही लवकर पोचलो असतो, आणि लवकर पोचणं हीच तर अडचण होती.

घरी वरच्या मजल्यावर त्यांची धाकटी जाऊ होती. संध्याकाळी जावेची मुलगी, म्हणजे बाईंची पुतणी, कामावरून येताना एक टेबलक्लॉथ आणणार होती आणि आईच्या हातात ठेवणार होती. त्याच्या आत जावेला काहीतरी सांगायला हवं होतं. जे सांगायचं ते वाक्य अगदी लहान होतं, 'माझं चुकलं' एवढंच. पण हे वाक्य बाईंनी जन्मभर दुसऱ्यांकडून म्हणवून घेतलेलं. स्वतः म्हणायचा प्रसंग त्यांनी येऊच दिला नव्हता.

बाई मुलींच्या शाळेत शिवण आणि भरतकाम शिकवायच्या. मी त्यांची विद्यार्थिनी, आता शेजारीण. त्यांचं खरं नाव शाळेत फक्त पगारपत्रकाला ठाऊक होतं. बाकी सगळ्यांच्या त्या उसवाबाई. कारण त्यांच्या तोंडी एकच शब्द, "उसव." कापड हातात घेतलं की आधी ते उलटं करायच्या. "पुढून काय, सगळ्याच सुंदर असतात," म्हणायच्या. "मागून बघू." मी एकदा देवापुढे अंथरायला लहानसा रुमाल भरला होता. वाटलं होतं, निदान देवाच्या कामात तरी सूट मिळेल. बाईंनी रुमाल उलटा केला, गाठी पाहिल्या आणि म्हणाल्या, "देवाला मागची बाजूही दिसते गं. त्याला तरी फसवू नकोस. उसव."

फुलीचा टाका ही त्यांची खास विद्या. मोठ्या शहाण्या लोकांनी त्याला क्रॉस स्टिच म्हणावं, बाई फुलीच म्हणायच्या. जाळीदार मॅटीच्या कापडावर एक तिरपा टाका घालायचा, त्याच्यावर उलटा तिरपा, झाली फुली. अशा चौकटी मोजून फुल्या भरत गेलं की गुलाब होतो, पोपट होतो, पाहुण्यांसाठी 'सुस्वागतम्' होतं. अट एवढीच, की कापडभर वरचा टाका एकाच बाजूला झुकला पाहिजे. एखादी फुली उलटी झुकली तर बाईंना ती वर्गाच्या दारातून दिसायची. एका समारंभात पाहुणे फाटकात येऊन उभे राहिले आणि बाईंना शेवटच्या अक्षरात खोट दिसली. पाहुण्यांचं 'सुस्वागत' एवढंच झालं. उरलेलं अक्षर बाई पडद्यामागे बसून उसवत होत्या. पाहुण्यांच्या लक्षातही आलं नाही. बाईंनी मात्र ते पुढे कितीतरी वर्षं आम्हाला ऐकवलं, आपल्या कर्तव्यदक्षतेचं उदाहरण म्हणून.

नमुने त्या चौकटीच्या कागदावर काढायच्या. रंगाला खुणा ठरलेल्या होत्या. टिंब म्हणजे हिरवा दोरा, पोकळ गोळा म्हणजे पिवळा, फुली म्हणजे लाल. आणि आमचे कागद तपासतानाही त्यांची खूण फुलीच, लाल पेन्सिलीची. म्हणजे एकीकडे फुलीचा अर्थ 'इथे लाल दोरा घाल', आणि दुसरीकडे फुलीचा अर्थ 'इथे चुकलीस, कपाळ माझं'. कुठली फुली कुठली, हे आम्हाला बाईंच्या चेहऱ्यावरून कळायचं. कागदाला चेहरा नसतो. पण तेव्हा ते कुणाच्या ध्यानात येणार?

जावाजावांत हेवादावा असतो म्हणतात. यांच्यात तोही नव्हता. हेवादावा असला तर निदान बोलणं तरी होतं. धाकटी जाऊ लग्न होऊन आली तेव्हा हसरी, हाताची चपळ, आणि बाईंकडून भरतकाम शिकायला स्वतःहून खाली आलेली. एका आठवड्यात तिला टाका आला. दुसऱ्या आठवड्यात तिने बाईंचा नमुना बाजूला ठेवून आपल्या मनाचा काढला. स्वयंपाकघराच्या खिडकीबाहेर एक वेल होती. कुणी लावली नव्हती, कुणी वळण दिलं नव्हतं, मनात येईल तशी चढली होती. ती वेल जावेने कागदावर जशीच्या तशी उतरवली. हिरवी टिंबं, पिवळे गोळे, लाल काही नाही. एका बाजूला पानं दाट, दुसऱ्या बाजूला जवळजवळ नाहीतच. मधेच वेल मागे वळून स्वतःकडेच बघतेय अशी.

बाईंनी लाल पेन्सिल काढली. जिथे पान भलत्या बाजूला तिथे फुली. जिथे वळण बिनकारणी तिथे फुली. जिथे डावी बाजू उजवीशी जुळत नाही तिथे फुलीच फुली. कागद परत देताना म्हणाल्या, "कल्पना बरी आहे. शिस्त नाही."

जावेने कागद पाहिला. "बरं, ताई," म्हणाली. सुई डब्यात टाकली, झाकण लावलं, कागद तिथेच ठेवला आणि जिना चढून वर गेली.

त्यानंतर तिने सुईला हात लावला नाही. भांडली नाही, रुसली नाही, दुखलंखुपलं की सूप घेऊन खाली यायची. पण नवऱ्याच्या शर्टाचं बटण तुटलं तरी शर्ट शिंप्याकडे. आणि तो पिशवीत घालून नाही, हातावर पसरून, बाईंच्या दारासमोरून. शिंप्याने एकदा विचारलं म्हणे, "वहिनी, घरात भरतकामाच्या एवढ्या मोठ्या बाई असताना एका बटणासाठी माझ्याकडे?" जाऊ म्हणाली, "मला जमत नाही हो. चुकतं."

ते वाक्य शिंप्याकडून बाईंपर्यंत यायला फार वेळ लागला नाही. बाईंनी ऐकलं आणि म्हणाल्या, "खरंच आहे. चुकतंच तिचं." पण त्या दिवशी त्यांचा चहा निवून गेला, हे मी पाहिलं.

बाई निवृत्त झाल्या. आता कुणाचं उसवणार? घरातल्या पडद्यांचं उसवून झालं, माझ्या उशांच्या अभ्र्यांचं उसवून झालं. मग पुतणीनेच तोड काढली. ती एका कापडाच्या कंपनीत नक्षीकामाच्या विभागात होती. टेबलक्लॉथ, अभ्रे, स्वेटर असलं सगळं तिथे मशीनवर व्हायचं, आणि जुन्या फुलीटाक्याची फॅशन परत आली होती. जुने कागदावरचे नमुने संगणकात घालून द्यायला कंपनीला माणूस हवं होतं. पुतणी संगणक घेऊन आली आणि म्हणाली, "मोठी आई, हे सॉफ्टवेअर अगदी तुझ्यासारखं आहे. चौकटीच्या बाहेर काही चालत नाही याला."

काम असं. कागद स्कॅन करायचा. सॉफ्टवेअर त्यावरच्या चौकटी ओळखतं, खुणा गोळा करतं आणि विचारतं, ही खूण म्हणजे कुठला रंग? ते सांगितलं की एकेका चौकटीत तो तो रंग भरतं, आणि मशीन तसे टाके घालतं. बाईंनी पहिल्याच दिवशी चष्मा सारखा करून पडद्यावरचा गुलाब पाहिला आणि विचारलं, "बरं. आणि याची मागची बाजू कुठंय?"

"मागची बाजू नसते गं याला."

"मग खरंखोटं कळणार कसं?"

पुतणीने हसत पुढचा कागद स्कॅनरवर ठेवला.

पण एक बटण बाईंना मनापासून आवडलं. ते दाबलं की आत्ता केलेलं नाहीसं होतं. पुन्हा दाबलं की त्याच्या आधीचंही. बाई हरखल्या. "अगं, हे उसवतं!" मला खास बोलावून दाखवलं. "ना कात्री, ना दोरा ओढणं, ना रडणं. आमच्या वेळी असतं तर मी तुम्हा सगळ्यांना..." वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. मी देवाचे आभार मानले, की ते बटण आमच्या वेळी नव्हतं.

बाकी सॉफ्टवेअरशी त्यांचं रोज वाजायचं. कागदावरचा चहाचा डाग त्याने तपकिरी टाके समजून भरला. कागदाची घडी पडलेली, ती त्याने पोपटाच्या मानेतून फांदी म्हणून नेली. स्वेटरसाठी राजहंस घातला तेव्हा तर कहर झाला. मॅटीची चौकट चौकोनी असते, विणीचा टाका रुंद आणि बुटका. त्यामुळे बाईंचा उंच मानेचा हंस स्वेटरवर दबून बसला. "मेल्याने हंसाचं बदक केलं!" बाई म्हणाल्या. तरी ओळी वाढवून, मान लांबवून, त्यांनी त्याला पुन्हा हंस करून दाखवला. कंपनी खूश होती. बाईंच्या नमुन्यात एक चौकट इकडची तिकडे नसायची. नक्षीविभागाचे साहेब त्यांचे नमुने पाहून म्हणायचे, "परफेक्ट." आणि मग, पुतणीच्या सांगण्यानुसार, ते बाजूला ठेवून द्यायचे.

बाईंच्या जुन्या कागदांचा गठ्ठा मोठा. त्यातले तळाचे कागद एका दुपारी पुतणीने आपणच स्कॅन केले, मोठ्या आईचा ताण हलका व्हावा म्हणून. त्यात ती वेल होती. सॉफ्टवेअरने विचारलं, टिंब? हिरवा. गोळा? पिवळा. फुली? पुतणी बाईंच्या हाताखाली तयार झालेली. फुली म्हणजे लाल, यात विचारायचं काय? तिने लाल भरला आणि वेल साहेबांकडे धाडली. जिथे जिथे बाईंनी 'चुकलीस' म्हटलं होतं तिथे तिथे एकेक लाल फळ लागलं.

साहेबांनी ही वेल बाजूला ठेवली नाही.

त्या दिवशी सकाळी पुतणी दारातच ओरडली, "मोठी आई, तुझी वेल चालली बघ! दुकानदार मागून मागून नेतायत. आणि लेबलावर तुझं नाव टाकलंय, मीच सांगितलं." तिने मोबाइलवर फोटो पुढे धरला. मी तिथेच होते. बाईंनी फोटो पाहिला, आणि आधी काही कळलं नाही. मग कळलं. कळलं ते त्यांच्या हातातल्या चष्म्याच्या घरावरून मला दिसलं. ते उघडत होतं, मिटत होतं.

"ही माझी नाही," त्या म्हणाल्या.

"तुझ्याच गठ्ठ्यातली आहे. विसरलीस तू. आज कारखान्यातून एक आणते आईसाठी. तिला काही सांगू नका हं, गंमत आहे." आणि पोरगी धावत बससाठी गेलीसुद्धा.

गंमत अशी होती. जावेची वेल, तिच्यावर बाईंच्या चुकांच्या खुणा, त्याही लाल रेशमात, आणि खाली नाव बाईंचं. असा टेबलक्लॉथ संध्याकाळी जावेच्या स्वतःच्या मुलीच्या हातून तिच्या टेबलावर पसरला जाणार होता.

"चल," बाई मला म्हणाल्या. "आत्ताच्या आत्ता उसवून येऊ."

साहेब वयाने लहान, केसांची शेंडी बांधलेले, बोलायला गोड. बाई खुर्चीवर न बसताच म्हणाल्या, "ते लाल काढून टाका. ते टाके नाहीत. त्या चुका आहेत."

"चुका?" साहेबांचा चेहरा उजळला. "म्हणूनच! मी म्हणतच होतो, या लालमध्ये काहीतरी जिवंत आहे."

"जिवंत काही नाही त्यात. मी पेन्सिलीने मारल्यात त्या फुल्या."

"काढून बघू या ना," साहेब म्हणाले, आणि एक बटण दाबलं. लाल गेलं. हिरवी-पिवळी वेल उरली. बरी होती.

"आता दुरुस्त करा," बाई म्हणाल्या. मग त्यांनी खुर्ची ओढली, साहेबांच्या शेजारी बसल्या आणि एकेक पान योग्य जागी न्यायला लावलं. हे इकडे, ते तिकडे, हे वळण सरळ, डावी बाजू उजवीसारखी. साहेब मुकाट्याने करत गेले. झालं तेव्हा वेल अशी उभी राहिली, जशा आम्ही शाळेत प्रार्थनेला उभ्या राहायचो. हात शिवणीला, नजर समोर, कुणी हलायचं नाही.

साहेबांनी तिन्ही नमुने शेजारी शेजारी लावले. दुरुस्त केलेली, नुसतं लाल काढलेली, आणि लाल फुल्यांची.

"सांगा, कुठली ठेवू? तुम्ही म्हणाल तसं. तुमची नजर आम्हाला माहीत आहे."

इथे बाईंना काहीही म्हणता आलं असतं. साहेब खरंच ऐकणार होते. पण टाक्याबाबत बाई कधी खोटं बोलल्या नाहीत, आणि हा त्यांचा गुण त्यांना ऐन वेळी आडवा आला. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. बराच वेळ पाहिलं.

"लालवाली," त्या म्हणाल्या.

मग त्यांनी नाव बदलायला सांगितलं. वेल माझी नाही, माझ्या जावेची, म्हणाल्या. साहेबांनी पुढच्या खेपेपासून बदलायचं कबूल केलं. जावेचं नाव बाईंनी अक्षर अक्षर सांगितलं. साहेबांनी लिहिलं ते वाकून पाहिलं. "पहिली वेलांटी नाही. दुसरी."

"आणि लाल फुल्या तुमच्या," साहेब म्हणाले. "तुमचंही नाव राहू दे की खाली. दोघींचं मिळून."

"माझं नको," बाई म्हणाल्या, आणि उठल्या. आणि मग ते तरातरा चालणं.

पूल संपला. पुढचा रस्ता सरळ, दुतर्फा दुकानं. कोपऱ्यावरच्या दुकानाच्या काचेत तोच टेबलक्लॉथ मांडलेला. बाई थांबल्या. मी आपली देवाचं नाव घेत उभी.

"ते वळण बघ," बाई काचेवर बोट टेकवून म्हणाल्या. "मागे वळून बघतेय ते. तिथे मी फुल्या मारल्यात सगळ्यात जास्त. लाल नुसतं फुटलंय तिथे."

"सुंदर दिसतंय, बाई."

"दिसतंयच. तेच तर." त्या पुन्हा चालू लागल्या, पण आता हळू. "ती बघेल आणि म्हणेल, ताईंनी माझं चुकलेलं दुकानात मांडलं."

"तुम्हीच सांगा ना त्यांना. नाव बदलून आलात तेही सांगा. सरळ म्हणा, की..."

"काय म्हणू?"

ते वाक्य मी त्यांना शिकवणं बरं दिसलं नसतं.

थोडं पुढे गेल्यावर म्हणाल्या, "असं कर. तू सांग तिला. म्हणावं, बाईंनी त्या फुल्या चूक म्हणून मारल्याच नव्हत्या. लाल दोऱ्याच्या म्हणून मारल्या होत्या. तूच उलटा अर्थ घेतलास."

"बाई, म्हणजे चूक पुन्हा त्यांचीच ठरली."

बाई चालता चालता अडखळल्या. फरशी सपाट होती. "अगं बाई," म्हणाल्या. "खरंच की." आणि चक्क हसल्या. मी त्यांना इतक्या वर्षांत असं स्वतःवर हसताना पाहिलं नव्हतं. हसणं ओसरल्यावर चेहरा मात्र असा झाला, की मी त्यांचा हात धरला. त्यांनी तो सोडवला नाही.

घराची गल्ली आली. वरच्या मजल्याच्या खिडकीत जाऊ दोरीवरचे वाळलेले कपडे काढत होती. तिने आम्हाला पाहिलं आणि वरून हाक मारली, "ताई, किती उशीर! चालत आलात की काय? पाय दुखतील ना!"

"येते, येते," बाई वर बघून म्हणाल्या, आणि जिन्याशी न जाता मला ओढून दाराच्या आडोशाला घेतलं.

"ऐक. पोरगी तो टेबलक्लॉथ आणायच्या आत तू वर जा. तिला सांग, ताईंना जिथे जिथे वेल आवडली, तिथे तिथे त्यांनी खूण केली होती. हातात तेव्हा लाल पेन्सिल होती, म्हणून लाल."

"बाई, हे खोटं आहे."

"सकाळी होतं."

"आणि मी देवाला काय सांगू?"

"देवाला सगळं खरं सांग. त्याला मागची बाजू दिसतेच. जावेला एवढंच सांग." त्यांनी माझा पदर सारखा केला, लहान मुलीला स्टेजवर पाठवताना करतात तसा. "मी सांगितलं तर तिला पटायचं नाही. तू देवाधर्माची. तुझं कुणी खोटं मानत नाही. जा ना गं. सांग तिला."